सत्कार आवरा

आमच्या पेठेत माणूस जन्माला आला की त्याचा सत्कार होतो, आणि मेला की सत्कार करायचा राहून गेला म्हणून लोक हळहळतात. मधल्या काळात तो दहावी पास झाला, त्यानं गाडी घेतली, त्याच्या टीमनं फायनल मारली, त्याचा मुतखडा पडला, काहीही झालं तरी फेटा, शाल आणि नारळ ठरलेला. मी बिद्रीकडची. आमच्याकडं साखर कारखान्याचा भोंगा झाला की माणसं कामाला लागायची, एकमेकांना फेटे बांधत बसायला कुणाला सवड नव्हती. लग्न होऊन शिवाजी पेठेत आले, तर पहिल्याच आठवड्यात मंडळानं माझा सत्कार केला. कशाबद्दल, ते मला अजून कुणी सांगितलेलं नाही.

या सगळ्याचं मूळ आमच्याच घरात आहे. माझे सासरे. घरात त्यांना सगळे आबा म्हणतात, मीही आबाच म्हणते. प्रास्ताविक, पाहुण्यांची ओळख, अध्यक्षीय भाषण आणि आभार हे सगळं एकटा माणूस करू शकतो, हे मला त्यांना बघून कळलं. घरात एक कपाट नुसतं शालींचं आहे. आलेली शाल कुणी अंगावर घेत नाही, ती पुढच्या सत्काराला जाते. एक चॉकलेटी शाल पेठेतल्या निम्म्या खांद्यांवर बसून परत आमच्याकडं आली होती, मी ती रश्श्याच्या डागावरून ओळखली. आबांचा स्वतःचा माईक आहे आणि चाकांचा स्पीकर आहे. सासूबाई होत्या तोवर त्या माईकची वायर डाळीच्या डब्यात लपवून ठेवायच्या. त्या गेल्या आणि वायर मोकळी झाली.

आता मूळ गोष्ट. आमची पोरगी तेव्हा चौथीत होती. तिला बोलता यायच्या आधीपासून चित्रं काढता येत होती. जमिनीवर, कॅलेंडरच्या मागं, दुधाच्या बिलावर, स्वतःच्या पायावर, हात लागेल तिथं चित्र, आणि अक्षरं आल्यावर चित्राखाली गोष्ट. काढलेलं पहिल्यांदा आबांना दाखवायचं. कारण घरात रिकामा माणूस तेवढाच. ते चष्मा लावून बघायचे, मान डोलवायचे, आणि दोघं खिडकीत बसून काहीबाही बोलत राहायची. तेवढं फार चांगलं चाललं होतं.

मग शाळेत पालकसभा आली. मी पतसंस्थेत कामाला, नवरा उद्यमनगरात फौंड्रीत, म्हणून आबा गेले. तिथं बाईंनी सांगितलं की मुलांनी काढलेलं, लिहिलेलं टाकून देऊ नका, घरात भिंतीवर लावा, त्यांची निर्मिती घरात साजरी करा. सरळ साधं बोलल्या बिचाऱ्या. त्यांना काय माहीत, समोर कोण बसलंय. आबा घरी आले ते चपला न काढताच म्हणाले, "साजरं करायचं म्हणत्यात. आपल्याला काय नवीन हाय त्यात?"

पहिला सत्कार रविवारी झाला. पोरीनं फुटबॉलच्या मॅचचं चित्र काढलं होतं. आमच्या पेठेचे सगळे खेळाडू एका बाजूला, समोरच्या टीमचा फक्त गोलकीपर, आणि तोही झोपलेला. मंडळातून प्लॅस्टिकच्या खुर्च्या आणल्या. हॉल आमचा एवढासा, त्यात स्पीकर लावला, त्यामुळं पलीकडच्या गल्लीतल्या लोकांनीही कार्यक्रमाचा लाभ घेतला. प्रमुख पाहुणे म्हणून कोपऱ्यावरचे पानपट्टीवाले. आबांनी फेटा बांधला तो पोरीच्या नाकापर्यंत उतरला. प्रास्ताविक सुरू झालं ते आबांच्या बालपणापासून, आणि चित्रापर्यंत पोचायच्या आत पोहे गार झाले. शेवटी पोरीला दोन शब्द बोलायला सांगितलं. ती फेट्याच्या आतून म्हणाली, मला काय दिसत न्हाई. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या.

खोटं कशाला बोलू, सुरुवातीला मजा आली. पोरीलाही आली. नंतर मात्र दर रविवारी नारळ यायला लागला. हौसेला मोल नसतं म्हणतात, पण हौसेला खोबरं फार निघतं. आमटीत खोबरं, भाजीत खोबरं, वड्या, बर्फी, चटणी. नवरा जेवताना म्हणाला की आपण न सांगता कोकणात राहायला गेलोय का.

पुढं शाळेच्या भित्तिपत्रकात तिची कविता लागली. आबांनी चौकात डिजिटल लावलं. बाहेरची माणसं त्याला फ्लेक्स म्हणतात, आम्ही डिजिटल म्हणतो. मधोमध गॉगल घातलेले आबा. दोन्ही बाजूंना मंडळाची पोरं, प्रत्येकाच्या कानाला फोन, फोटो काढतानाच सगळ्यांना एकदम महत्त्वाचे फोन आले असावेत. खाली शुभेच्छुकांची रांग. पोरगी दप्तर घेऊन डिजिटलखाली उभी राहून कविता शोधायला लागली. कविता होती, उजव्या कोपऱ्यात, औषधाच्या बाटलीवर मुदत छापतात तेवढ्या अक्षरात. आणि तो कोपरा नेमका टपरीच्या पत्र्याआड गेला होता.

तरी पोरीचं लिहिणं चालूच होतं. ते थांबलं म्हशीच्या गोष्टीवरून.

दिवाळीच्या पाडव्याला आमच्याकडं म्हशी नटवतात. शिंगं रंगवायची, मोरपिसं लावायची, गळ्यात घुंगरं बांधायची. मग मालक सायलेन्सर काढलेली गाडी पुढं पळवतो आणि म्हैस त्या आवाजामागं पळते. पोरीनं त्यावर गोष्ट लिहिली. तिची म्हैस सगळ्यांत देखणी. नंबर हिचाच, असं सगळे म्हणत असतात. ती भर चौकात थांबते. तिला कंटाळा येतो. ती मागं वळते आणि चालत घरी जाते. शेवटचं वाक्य मला पाठ आहे. मग तिनं शेपटीनं माश्या हाकलल्या आणि डोळे मिटले. संपली गोष्ट. मी ती वाचून हसले, आणि परत वाचली. एवढ्याशा पोरीला हे कुठनं सुचलं असेल, म्हणून नुसती बघत बसले.

आबांनाही गोष्ट लई आवडली. इतकी, की त्यांना हॉल पुरेना. मंडळाच्या दिवाळीच्या कार्यक्रमात स्टेजवर तिचं वाचन ठरवलं. पोरगी फेटा बांधून उभी, शेजारी आबा कागद आणि माईक घेऊन. वाचतात मात्र सुरेख. म्हैस चौकात थांबली तोवर सगळं मंडळ कान देऊन ऐकत होतं. 'तिला कंटाळा आला' इथं आबा अडखळले. त्यांनी चष्मा सारखा केला. मी खाली दुसऱ्या रांगेत होते, तिथनंच त्यांना मानेनं नको नको केलं. कारण मी या माणसाला ओळखते. बक्षिसाशिवाय संपणारी गोष्ट त्यांना सोसतच नाही. त्यांनी कागद खाली घेतला आणि म्हशीला पुढं काढलं. म्हैस धावली, पहिली आली, तिला ढाल मिळाली, हार पडला, आणि तिच्या वतीनं मालकानं संयोजकांचे आभार मानले. टाळ्या थांबेनात. पुढच्या रांगेतले एक पावणं तर शिट्टी मारायला लागले.

पोरगी रडली नाही. रडली असती तर बरं झालं असतं. घरी येताना माझं बोट धरून ती एवढंच म्हणाली, "आई, म्हैस घरी गेलती."

घरात आल्यावर मी आबांना धारेवर धरलं. सासरा, वडीलधारा, सगळं मान्य, पण दुसऱ्याच्या म्हशीला हात कशाला लावायचा? आबांना खरंच कळेना की बिघडलं काय. शेवट जरा बसका होता, मी उचलला, म्हणाले. नवऱ्यानं टीव्हीचा आवाज वाढवला. आमच्या घरात भांडण मिटवायची त्याची तीच पद्धत आहे.

त्या दिवसापासून पोरीनं लिहिणं सोडलं, चित्रं सोडली. रंगपेटी कपाटाच्या वर गेली. कॅलेंडरची फाडलेली पानं मागून कोरीच राहायला लागली. विचारलं की सुचत न्हाई म्हणायची आणि टीव्ही बघत बसायची. मी घाबरले. ती नापास झाली असती तर एवढी घाबरले नसते, नापास झालेलं पोर पुढच्या वर्षी पास होतं. पण जिच्या हाताला पाच मिनिटं गप्प बसणं माहीत नव्हतं, तिचे हात मांडीवर नुसते पडलेले बघवेनात. मला राग यायचा, आबांचा, मंडळाचा, त्या टाळ्या वाजवणाऱ्या सगळ्या बिनकामाच्या लोकांचा. एकदा तर रागाच्या भरात मी शालींच्या कपाटाला कुलूप घातलं. आबा दुसऱ्या दिवशी शाल विकत घेऊन आले.

गप्प बसतील ते आबा कसले. पोरीला परत उभारी द्यायची म्हणून त्यांनी घरातल्या घरात भव्य चित्रकला स्पर्धा जाहीर केली. परीक्षक तीन, आबा आणि त्यांचे दोन मित्र. स्पर्धक एक. स्पर्धकानं कोरा कागद दिला. परीक्षकांनी बराच वेळ आतल्या खोलीत चर्चा केली आणि स्पर्धकाला उत्तेजनार्थ बक्षीस दिलं. पहिला नंबर राखून ठेवला, म्हणाले, दर्जा ढासळायला नको. मी स्वयंपाकघरात लाटणं घेऊन उभी होते. ते लाटणं पोळीसाठीच वापरलं, यात माझे संस्कार दिसतात.

त्यानंतर एका दुपारी आबा स्वयंपाकघराच्या उंबऱ्यात येऊन बसले. माईक नाही, मित्र नाहीत. जरा वेळ लसूण सोलला. मग म्हणाले, "पोर मला काय दाखवंना झालीया गं. आधी समदं पयलं माझ्याकडं आणायची." आणि परत लसूण सोलायला लागले. त्यांचा राग राग करायचं मी पक्कं ठरवलेलं होतं, ते तिथं जमलं नाही. या माणसाच्या दिवसात दुसरं होतंच काय? खिडकीत बसून नातीची चित्रं बघणं हेच खरं काम होतं, बाकी सगळा नारळाचा खटाटोप. मी म्हटलं, आबा, तिच्यासाठी तुम्ही जे जे करताय ना, तेवढं फक्त करू नका. त्यांना ते पटलं नाही, पण वर्मी लागलं असावं. कारण पुढचे दोन रविवार घरात नारळ आला नाही.

हिवाळा सरत आला तेव्हाची गोष्ट. सकाळी नळाला पाणी आलं आणि टेरेसवरची टाकी भरून वाहायला लागली. शेजारच्या काकूंचे पापड खाली वाळत होते, त्यांनी खालून माझ्या माहेरापर्यंतच्या सगळ्यांचा उद्धार केला. मी वर पळाले, व्हॉल्व्ह फिरवला, आणि मागच्या बाजूनं पाणी कुठं जातंय बघावं म्हणून टाकीला वळसा घातला.

आमची टाकी सगळ्यांची असते तसलीच, मोठी, काळी, प्लॅस्टिकची, झाकणावर वाऱ्यानं उडू नये म्हणून दगड. तिच्या मागं कठड्याकडं जेमतेम माणूस मावेल एवढी जागा आहे, तिथं कुणी जात नाही. त्या बाजूला पूर्ण टाकीवर खडूनं लिहिलेलं होतं. पांढऱ्या, गुलाबी, पिवळ्या खडूनं. मध्ये मध्ये चित्रं. पहिली ओळ होती, टाकीत एक बाई राहते.

मी ओल्या फरशीवर फतकल मारून वाचलं. त्या बाईला नळातून घरातलं सगळं ऐकू येतं. तिचे केस इतके लांब की ते पाइपातून खाली घरात आलेत, प्रत्येक नळात एक बट, म्हणून कधी कधी पाणी बारीक येतं. भांडी घासताना आई तिच्या ऑफिसच्या साहेबाला काय काय म्हणते ते बाईला पाठ आहे. ते सगळं तिथं लिहिलेलं होतं, एकही शिवी न गाळता. बाबा अंघोळीला गाणं म्हणतात पण त्यांना एकच ओळ येते. आबा दाढी करताना आरशाला भाषण करतात आणि नंतर आरशाचे आभार मानतात. बाईला आता बाहेर यायचंय. पण झाकणावर दगड आहे. ती आतून टकटक करते. तिथं गोष्ट थांबलेली होती.

मी हसत होते का रडत होते मला सांगता येणार नाही, पापडवाल्या काकूंनी खालून काय झालं म्हणून विचारलं. पोरीचं काही मोडलेलं नव्हतं. ती फक्त आमच्यापासून लांब, वर येऊन लिहीत होती. आणि तेवढ्यात माझा हात मोबाइलकडं गेला. फोटो काढायचा, स्टेटसला ठेवायचा, माहेरच्या ग्रुपवर टाकायचा. पेठेचं पाणी अंगात मुरलं म्हणतात ते असं. मी मोबाइल कमरेला खोचला आणि चोरासारखी खाली आले.

संध्याकाळी ती शाळेतून आल्यावर मी तिला सांगितलं की पाणी वाहून दोन ओळी पुसल्यात. तिचा चेहरा पांढराफटक पडला. आबांना सांगितलंस का, फोटो काढलास का, कुणाला वाचून दाखवलंस का, एकामागून एक विचारलं. मी तिन्हीला नाही म्हटल्यावर तिनं दप्तरातून खडू काढले. शाळेतनं आणलेले. त्याबद्दल आई म्हणून रागवायला पाहिजे होतं, ते मी केलं नाही. मग रोज संध्याकाळी आम्ही दोघी वर जायला लागलो. ती लिहायची, पुसायची, मी वाळलेल्या कपड्यांच्या घड्या घालत बसायची. केव्हा केव्हा ती म्हणायची, बघ, आणि मी बघायची.

आबांना संशय आला. तीन मजले चढणं त्यांच्या गुडघ्यांना झेपत नाही, म्हणून ते जिन्याच्या तोंडाशी उभे राहून वर बघायचे. मला विचारायचे नाहीत. एकदा पोरीनंच वरून त्यांना तसं उभं राहिलेलं बघितलं. रात्री जेवताना ती भाताकडं बघत म्हणाली, "आबांना येऊ दे. पण माईक न्हाई, टाळ्या न्हाई, आणि गोष्टीला हात लावायचा न्हाई." नवऱ्यानं पहिल्यांदाच टीव्ही बंद केला. आबा समोरच बसले होते. त्यांनी मान हलवली आणि घास गिळला.

दुसऱ्या दिवशी आबा चढले. प्रत्येक मजल्यावर टेकत, कठड्याला धरत, धाप लागलेली. वर पोचले, छाती फुगवली, आणि इतक्या वर्षांची सवय, "आज या ठिकाणी" एवढं बाहेर आलंच. मी डोळे वटारले. त्यांनी तोंड मिटलं. टाकीच्या मागच्या चिंचोळ्या जागेत पोट आत घेऊन शिरले, चष्मा लावला आणि पहिल्या ओळीपासून वाचायला लागले.

पोरगी कोपऱ्यात उकिडवी बसली होती, खडू मुठीत घट्ट. ती गोष्टीकडं बघत नव्हती, आबांच्या तोंडाकडं बघत होती. मीही तिकडंच बघत होते. आबा ओठ हलवत वाचत होते. केसांच्या बटांपाशी थांबले, वाकून खाली पाइप कुठून गेलाय ते बघितलं. माझ्या शिव्यांपाशी आले, माझ्याकडं एक नजर टाकली. मग आरशाच्या भाषणापाशी आले. तिथं फार वेळ थांबले. त्यांचे कान लाल झाले. मला वाटलं, संपलं, आता हा माणूस खाली जातो. आणि गेले असते तर पोरगी परत काही दाखवणार नव्हती, कुणालाच. मी देवाचं नाव घेतलं. आबा पुढं सरकले.

ते गोष्टीतल्या दगडापर्यंत आले. टकटक वाचली. पुढं काही नव्हतं, नुसती काळी टाकी. मोकळी जागा दिसली की हा माणूस तिथं काय करतो ते मी बघितलेलं होतं. आता बाईला बाहेर काढणार, शाल घालणार, आभार मानणार. आबांनी बोट वर केलं, टाकीपर्यंत नेलं, आणि न टेकवता खाली घेतलं. मग आपल्या नेहमीच्या आवाजात, चौकापर्यंत जातो त्या आवाजात, विचारलं, "मग? निघाली का न्हाई ती भायेर?"

"न्हाई," पोरगी म्हणाली. "वर मोठ्यानं बोलणारी माणसं हायत. भ्या वाटतंय तिला."

मला वाटलं आबांना वाईट वाटलं असणार, आणि वाटलंच होतं, ते तोंडावर दिसत होतं. मग त्यांनी टाकीला हात टेकला, एक एक गुडघा सांभाळत खाली बसले, पोरीच्या कानापाशी तोंड नेलं आणि विचारलं, "आता?"

लग्न होऊन या घरात आल्यापासून मी या माणसाचा हळू आवाज ऐकला नव्हता. तो असा, जरासा घोगरा, जरासा भ्यालेला असेल, असं वाटलं नव्हतं.

पोरीनं विचार केला.

"अजून हळू," ती म्हणाली.

आबांनी नुसते ओठ हलवले. पोरगी उठली आणि टकटकीच्या पुढं लिहायला लागली.